बाजाराची सबब : दोन चित्रपटगीतांतील एक जुना संकेत

१

चित्रपटगीताकडे वाङ्मय म्हणून पाहावे की नाही, याविषयी मराठी समीक्षेच्या मनात अजूनही एक संकोच आहे. लावणीच्या बाबतीत हा संकोच पूर्वीच मोडला. म. वा. धोंड यांचा 'मऱ्हाटी लावणी' हा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला आणि रामजोशी, होनाजी यांच्या रचनांचा विचार नीतीच्या तराजूतून उतरून रचनेच्या आणि रसाच्या तराजूत आला. परंतु त्याच लावणीने तमाशाचा फड सोडून पडद्यावर पाऊल टाकले, तेव्हा समीक्षेने तिच्याकडे पाठ फिरवली. तिच्यावर जे लिहिले गेले ते बहुधा आठवणींच्या स्वरूपाचे होते. कोणी गायिले, कोणी चाल बांधली, चित्रपट किती आठवडे चालला, हे सांगितले गेले; गीत काय सांगते आणि कसे सांगते, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला.

हा प्रश्न ज्यांच्या बाबतीत विचारण्यासारखा आहे अशी दोन गीते एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात. पहिले 'सांगत्ये ऐका' (१९५९) या अनंत माने यांच्या चित्रपटातील बुगडीचे गीत. शब्द ग. दि. माडगूळकर यांचे, संगीत वसंत पवार यांचे, आवाज आशा भोसले यांचा, नृत्य जयश्री गडकर यांचे. दुसरे राज खोसला यांच्या 'मेरा साया' (१९६६) या हिंदी चित्रपटातील झुमक्याचे गीत. शब्द राजा मेहदी अली खां यांचे, संगीत मदनमोहन यांचे, पडद्यावर साधना आणि आवाज पुन्हा आशा भोसले यांचाच. एकीत कानातली बुगडी साताऱ्याच्या वाटेवर सांडते. दुसरीत कानातला झुमका बरेलीच्या बाजारात पडतो. दोन्हींत एक स्त्री एक दागिना हरवल्याचे सांगते, दोन्हींत एका शहराचे नाव येते, आणि हे हरवणे प्रेमातल्या झटापटीशी जोडलेले आहे, हे ऐकणाऱ्याला कळायचे राहत नाही.

सात वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन गीतांतील साम्य पाहून एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरलेला बरा. बरेलीच्या बाजारात पडणारा झुमका उत्तरेकडील लोकगीतांत पूर्वीपासून आहे आणि चित्रपटातही तो १९६६ साली प्रथम आलेला नाही. १९४७ सालच्या 'देखो जी' या चित्रपटात शमशाद बेगम यांनी त्याच मुखड्याचे गीत गायिले होते. तेव्हा कोणी कोणाकडून घेतले यापेक्षा दोन भाषांतील दोन कवींना एकच संकेत का उपयोगी पडावा, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. हा संकेत बाजाराचा आहे.

२

बाजारावरची गीते जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेक विक्रेत्याची आहेत. सोळाव्या शतकातील फ्रेंच संगीतकार जानकँ याने पॅरिसमधील फेरीवाल्यांच्या आरोळ्या एका समूहगीतात गुंफल्या. 'ऑलिव्हर' या लायनेल बार्टच्या संगीतिकेत, आणि १९६८ साली तिच्यावरून निघालेल्या चित्रपटात, सकाळी रस्त्यावर येणाऱ्या विक्रेत्यांच्या हाका एकीत एक मिसळत जातात आणि त्या हाकांतूनच गाणे उभे राहते. आपल्याकडे 'बंधन' (१९४०) मधील चणेवाल्याचे गीत किंवा 'प्यासा' (१९५७) मधील मालिशवाल्याचे गीत याच जातीचे. या प्रकारात बाजार प्रत्यक्ष असतो. माल दिसतो, हाक ऐकू येते आणि गाणाऱ्याचा हेतूही उघड असतो. त्याला काही तरी विकायचे असते.

बुगडी आणि झुमका यांची गीते या जातीत बसत नाहीत. त्यांत गाणारी काही विकत नाही आणि विकतही घेत नाही. तिचे काही तरी हरवले आहे. एवढेच नव्हे, तर ज्या बाजाराचा एवढा घोष चालतो तो बाजार गीतात जवळजवळ नाहीच. माडगूळकरांच्या गीतात शेजारचा तरुण आहे, त्याच्या खुणा आहेत, वडील घरी नसण्याची संधी आहे, खिल्लारी बैलांची गाडी आहे, पिवळी साडी आहे. त्या गाडीतून दोघे जोडीने बाजाराला जातात. बाजारात पोचल्यावर मात्र एकही दुकान, एकही वस्तू, एकही व्यवहार आपल्या दृष्टीस पडत नाही. राजा मेहदी अली खां यांनी तर याहून पुढची गोष्ट केली आहे. त्यांच्या कडव्यांत घर आहे, घराचे छप्पर आहे, खालची गल्ली आहे, बाग आहे. बाजार फक्त ध्रुवपदात आहे. जे काही घडते ते घरात, गच्चीवर आणि बागेत घडते. दागिना मात्र प्रत्येक वेळी बाजारात पडतो.

ही विसंगती सहज झालेली नाही. गीताची सारी युक्ती तिच्यातच आहे. दागिना हरवला याचा जाब घरी द्यावा लागतो. घरात हरवला म्हटले तर शोध घेतला जाईल; बागेत हरवला म्हटले तर बागेत काय करीत होतीस असा प्रश्न येईल. बाजार ही एकच जागा अशी आहे की, जेथे स्त्रीने जाणे शिष्टसंमत आहे आणि वस्तू हरवणेही स्वाभाविक आहे. गर्दीत कोणाचा धक्का लागला, कोणी काय उचलले, याचा हिशेब कोणी मागत नाही. म्हणून या गीतांतील बाजार हे स्थळ नव्हे, ती सबब आहे. ऐकणाऱ्याला ती सबब आहे हे ठाऊक असते. त्याला ते ठाऊक आहे हे गाणारीलाही ठाऊक असते. या दुहेरी जाणिवेतून गीताचा सारा खट्याळपणा जन्माला येतो.

३

ही सबब चित्रपटाने शोधून काढलेली नाही. मराठीपुरते बोलायचे तर तिची वाट गौळणीतून आलेली आहे. तमाशात गण झाला की गौळण येते. डोक्यावर दुधादह्याचे माठ घेऊन गौळणी मावशीसह मथुरेच्या बाजारास निघतात आणि कृष्ण व पेंद्या त्यांना वाटेत अडवून दान मागतात. या प्रवेशात मथुरेचा बाजार कधीच दिसत नाही. तो दिसण्याची आवश्यकताही नसते. बाजाराला जाणे हे गौळणीला घराबाहेर पडण्याचे मान्य कारण, आणि नाट्य घडायचे ते वाटेवर. एकनाथांच्या गौळणींपासून फडावरच्या गौळणींपर्यंत हा साचा टिकून राहिला. भक्तीचा अर्थ त्यात भरला गेला, तसा शृंगाराचाही भरला गेला. माडगूळकरांच्या नायिकेचा दागिना बाजारात न सांडता साताऱ्याच्या वाटेवर सांडतो, यात या जुन्या साच्याची खूण स्पष्ट दिसते.

जात्यावरच्या ओवीत हाच बाजार आणखी दूर जातो. तेथे बाजाराला भाऊराया जातो, तो चोळी आणतो, बांगड्या आणतो. कासार दारात येऊन बांगड्या भरतो. ओवी गाणारी बाई बाजार पाहते तो भावाने आणलेल्या वस्तूंतून. जिला बाजार असा परक्या हातांनी मिळतो, तिच्या गाण्यात स्वतः बाजाराला जाणे ही केवढी घटना असेल, हे लक्षात घेतले म्हणजे गाडी जुंपून साताऱ्याला निघालेल्या मुलीच्या उत्साहाचे मर्म कळते.

आणि या परंपरेत सबबीला नाकारणारा एक स्वरही आहे. जनाबाईच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध अभंगातील स्त्री डोक्यावरचा पदर ढळलेला असताना भर बाजारात जायला निघते आणि त्यासाठी कोणतेही कारण देत नाही. कन्नडमध्ये बाराव्या शतकातील अक्कमहादेवीचे एक वचन याच दिशेने जाते. बाजाराच्या मधोमध घर बांधणाराने गलबल्याला भिण्यात अर्थ नाही, असा त्याचा आशय. या दोघींनी बाजाराचा सबबीसारखा उपयोग केलेला नाही. त्यांनी बाजाराला साक्षी केले. गौळण आणि लावणी एका बाजूला, जनाबाई आणि अक्कमहादेवी दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी केली म्हणजे दोन चित्रपटगीतांचे स्थान निश्चित करता येते. ती पहिल्या बाजूची आहेत, परंतु दुसऱ्या बाजूचा थोडा वारा त्यांना लागलेला आहे; तो कसा, हे पुढे दिसेल.

४

भाषांतराच्या दृष्टीने या दोन गीतांची तुलना विशेष उद्बोधक आहे. झुमका आणि बुगडी दोन्ही कानातले दागिने. पण दोघांचा स्वभाव भिन्न. झुमका लोंबतो, डुलतो, चालताना हलतो. तो पडणे ही अगदी संभाव्य गोष्ट आहे. बुगडी कानाच्या वरच्या कडेला घट्ट बसते. ती सहज निसटत नाही. म्हणजे बुगडी हरवल्याची सबब मुळातच अधिक लंगडी आहे, आणि माडगूळकरांची नायिका शेजारणींना गयावया करून जे सांगते त्यात म्हणून अधिक धोका आहे. बुगडीच्या जागी झुमका किंवा झुमक्याच्या जागी बुगडी घातली तर वृत्त कदाचित सांभाळले जाईल. गुन्ह्याचे वजन मात्र बदलेल.

क्रियापदाचीही हीच गोष्ट. हिंदीतील 'गिरना' हे केवळ पडणे आहे, अपघाताचे, कर्तृत्वावाचून. मराठीतील 'सांडणे' इतके निष्पाप नाही. धान्य सांडते, पाणी सांडते. परंतु जुन्या मराठीत 'सांडणे' म्हणजे टाकणे, सोडून देणे असाही अर्थ आहे, आणि ज्ञानेश्वरीच्या वाचकाला तो सर्वत्र भेटतो. त्यामुळे बुगडी सांडली या शब्दांत ती आपोआप गेली आणि तिने जाऊ दिली, असे दोन्ही अर्थ एकाच वेळी उमटतात. ही द्व्यर्थता माडगूळकरांनी जाणून योजली की भाषेने ती त्यांच्या हाती ठेवली, याचा निर्णय करण्याचे कारण नाही. ज्या कवीने १९५५-५६ साली गीतरामायण लिहिले, त्याच्या कानाला जुन्या मराठीचा नाद परका नव्हता, इतके म्हणणे पुरेसे आहे.

शहरांची नावे कशी आली हेही पाहण्यासारखे आहे. बरेली येते ती बाजाराच्या 'ब'काराशी हातमिळवणी करीत. बरेली हे शहर प्रसिद्ध आहे ते सुरम्यासाठी, झुमक्यासाठी नव्हे. सातारा येतो तो प्रासाच्या बळावर. त्याच्याशी जुळणारा मुख्य प्रास आहे बापासाठी ग्रामीण बोलीत वापरल्या जाणाऱ्या 'म्हातारा' या शब्दाचा. एका प्रासात वाट आणि भय, सातारा आणि बाप, जोडले गेले. प्रास हा येथे केवळ कानाचा खेळ राहिलेला नाही. नायिकेची कोंडीच त्यात बांधली आहे.

बुगडी हा शब्द कन्नडमध्येही याच अर्थाने नांदतो, हे बेंगळूरुसारख्या शहरात राहणाऱ्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही. मराठीची 'पेठ' आणि कन्नडची 'पेटे' यांचेही असेच नाते. मात्र पुण्याच्या पुष्कळशा पेठांना वारांची नावे आहेत, तर बेंगळूरुच्या जुन्या पेट्यांना मालाची आणि धंद्यांची: अक्किपेटे तांदळाची, अरळेपेटे कापसाची, बळेपेटे बांगड्यांची, गाणिगरपेटे तेल्यांची. एका भाषेने बाजाराला दिवसाने ओळखले, दुसरीने वस्तूने. माडगूळकरांच्या गीतातील बाजार या दृष्टीने अस्सल मराठी वळणाचा आहे: तो एका दिवसाचा आहे, जाण्याचा आणि परतण्याचा आहे, त्यातील वस्तूंना तेथे महत्त्व नाही.

५

या विवेचनाला एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. ही दोन्ही गीते पुरुषांनी लिहिली, पुरुषांनी स्वरबद्ध केली, पुरुषांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांत ती आली, आणि दोन्ही प्रसंगांत पुढे बसलेला प्रेक्षक मुख्यतः पुरुषांचा. मग येथे स्त्रीची साक्ष कोठली? पुरुषाला ऐकावेसे वाटणारे, पुरुषाने रचलेले, स्त्रीच्या तोंडी घातलेले हे कबुलीजबाब नव्हेत काय? लावणीविषयी हा प्रश्न नेहमीच विचारला गेला आहे. शाहीर बहुधा पुरुष, नाचणारी स्त्री बहुधा समाजाने खालच्या पायरीवर ठेवलेल्या जातींतील. तिच्या देहाला कला म्हणायचे आणि तिच्या माणूसपणाला दाराबाहेर ठेवायचे, ही रीत होती. तिचा विसर पाडून या गीतांचे कौतुक करणे अप्रामाणिक होईल.

तथापि आक्षेप मान्य करूनही गीतांच्या घाटात काही शिल्लक राहते. बुगडीच्या गीतातील संबोधन पाहावे. नायिका 'गं' म्हणत मैत्रिणींशी बोलते. चहाडी करू नका ही विनवणी बायकांना आहे. प्रत्यक्षात समोर बसलेत पुरुष. व्याकरणाने पुरुषांना बायकांच्या गोटात बसवले. जे गुपित बापाच्या कानी जायचे नाही ते फेटेवाल्या बापांच्याच समोर सांगितले जाते, आणि टाळी देणारा प्रत्येक जण त्या गुपिताचा भागीदार होतो. उद्या त्याच्या घरी कोणाची बुगडी हरवली तर त्याला आज वाजवलेली टाळी आठवावी लागेल.

झुमक्याच्या गीतात ही रचना उलटी आहे. तेथे कडवे संपत आले की जमलेले पुरुष पुढे काय झाले असे विचारतात. ही उलटतपासणी आहे. आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच: झुमका पडला. जे विचारले त्याचे उत्तर नाही. जे सांगायचे तेवढेच सांगितले. ध्रुवपदाची पुनरावृत्ती हा गीतप्रकाराचा नियम आहे, परंतु येथे त्या नियमाला एक नाट्यार्थ प्राप्त झाला आहे: तेच तेच उत्तर देणे हा साक्षीदाराचा जुना बचाव होय.

हा अर्थ चित्रपटाच्या कथेशी किती घट्ट बांधलेला आहे, हे मराठी वाचकाला विशेष जाणवेल. 'मेरा साया' हा राजा परांजपे यांच्या 'पाठलाग' (१९६४) या मराठी चित्रपटाचा हिंदी अवतार, आणि 'पाठलाग'चा आधार जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते' ही कादंबरी. कथा न्यायालयात घडते. वकिलाची पत्नी वारली आहे. दरोडेखोर म्हणून पकडलेली तिच्यासारखीच दिसणारी स्त्री मीच ती पत्नी असे सांगते. आणि नवरा स्वतः तिची उलटतपासणी घेतो. एका स्त्रीने स्वतःविषयी सांगितलेले खरे मानायचे की नाही, हाच साऱ्या कथेचा प्रश्न. अशा कथेत जमावाच्या प्रश्नांना तीच एक सबब पुन्हा पुन्हा सांगणारे गीत केवळ मनोरंजनासाठी घातलेले वाटत नाही. न्यायालयात जे गंभीरपणे चालते तेच रस्त्यावर थट्टेने चालून जाते. रस्त्यावर खोटे सांगणारीला टाळ्या मिळतात. न्यायालयात खरे सांगणारीवर विश्वास बसत नाही. आणि माने यांच्या चित्रपटाचे नाव तर उघडच साक्षीचे आहे. 'सांगत्ये' हे क्रियापद स्त्रीलिंगी आहे, आणि 'ऐका' ही आज्ञा आहे. हंसा वाडकर यांनी १९७० साली आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले, तेव्हा त्या नावातील सबब गळून गेली आणि साक्षच राहिली. जनाबाईच्या बाजूचा वारा म्हटला तो हा.

६

या संकेताचे पुढे काय झाले? बरेलीने आपल्या नावावर आलेला झुमका अखेर स्वीकारला. २०२० च्या फेब्रुवारीत दिल्ली-बरेली महामार्गावर पारसाखेडा येथे सुमारे १४ फुटांचा झुमका उभारण्यात आला. गीतात जो हरवला तो धातूचा होऊन चौकात सापडला, असे म्हणावे लागेल. आणि सबबीचे स्मारक झाले म्हणजे ती सबब उरत नाही. २०२३ सालच्या 'रॉकी और रानी की प्रेम कहानी' या चित्रपटात जुना मुखडा नव्या गीतात गुंफला गेला. अरिजित सिंग आणि जोनिता गांधी यांचे ते युगुलगीत आहे. पूर्वी एकटी उभी राहून जमावाच्या प्रश्नांना उत्तरे देणारी स्त्री तेथे नाही. तिला कोणी काही विचारीत नाही, म्हणून तिला काही लपवायचेही नाही. झुमका राहिला, पण तो आता केवळ दागिना आहे.

याचे कारण केवळ चित्रपटकारांच्या अभिरुचीत शोधणे अपुरे ठरेल. बेंगळूरुच्या आग्नेयेकडे सर्जापूर गावाला जाणारा सर्जापूर रोड घ्यावा. एके काळच्या शेतांच्या आणि तळ्यांच्या कडेने जाणाऱ्या या रस्त्यावर आता गृहसंकुलांच्या रांगा आहेत. दोड्डकन्नेल्ली येथे विप्रो कंपनीचे मुख्यालय आहे. नोकरीसाठी आलेली अनेक भाषांची कुटुंबे येथे राहतात, त्यांत मराठीही आहेत. संध्याकाळी फाटकांबाहेर भाजीच्या गाड्या लागतात, पण घरातला बाजार आता बहुधा दुचाकीवरून दारात येतो, मागवल्यापासून काही मिनिटांत. बाजाराला जायला वाट लागत नाही. आणि कोणी कोठे गेले होते हे हातातले यंत्र क्षणोक्षणी नोंदवून ठेवते. अशा घरातील मुलीला बाजाराची सबब सांगता येणार नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, स्वतः मिळवणाऱ्या आणि स्वतः हिंडणाऱ्या त्या मुलीला सबबीची गरजही पूर्वीइतकी राहिलेली नाही.

ही हानी मानायची की लाभ, याचे उत्तर समाजशास्त्राने द्यावे. समीक्षेपुढचा प्रश्न वेगळा आहे. ज्या रचनेचा सारा रस सबबीत आहे, ती रचना सबबीची गरज संपल्यावर का आवडते? सर्जापूर रोडवरच्या एखाद्या गणेशोत्सवात आजची तरुणी बुगडीच्या गीतावर नाचते, तेव्हा तिला सातारा ठाऊक नसतो, बुगडी कोठे घालतात हेही कदाचित ठाऊक नसते. तरीही 'गं' हे संबोधन काम करते. ती समोरच्या बायांना विश्वासात घेते आणि समोरच्या पुरुषांना त्या विश्वासात ओढते. एक संकेत मावळला तरी त्याने घडवलेला घाट टिकतो. कारण आपले म्हणणे कोणापुढे सांगायचे आणि कोणापासून लपवायचे, ही स्त्रीपुढची अडचण बाजाराबरोबर संपलेली नाही. तिने फक्त पत्ता बदलला आहे.

माडगूळकर आणि राजा मेहदी अली खां यांची ही दोन गीते थिल्लर म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे. खालच्या मानलेल्या रंजनप्रकारात, प्रासाच्या आणि तालाच्या सर्व अटी पाळून, त्यांनी एका स्त्रीला न पटणारे खोटे बोलू दिले आणि ऐकणाऱ्यांकडून ते पटवून घेतले. न्यायालयात हे साधले नसते. ते फडावर आणि पडद्यावर साधले, आणि त्यासाठी बाजार हा एक शब्द पुरला.